हाताची घडी, तोंडावर बोट

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने काय करावं, याबद्दल आपल्या समाजाच्या कल्पना पक्क्या आहेत. सकाळी हास्यक्लब, दुपारी सोसायटीच्या हिशेबातल्या चुका आणि संध्याकाळी कट्टा. फारच उत्साह असेल तर अष्टविनायक. त्यामुळे मी बालशिक्षणाच्या पदविकेला नाव घातलं हे कळल्यावर कट्ट्यावर दोन तट पडले. मला घराबाहेर राहायला निमित्त हवंय, असं एका तटाचं म्हणणं. मला डॉक्टरला दाखवायला हवंय, असं दुसऱ्याचं.

'अहो, लहान मुलांना शिकवायला कसलं आलंय शिक्षण?' आमच्या कट्ट्यावरचे निवृत्त प्राचार्य म्हणाले. 'गाणी म्हणायची, खाऊ द्यायचा आणि शू लागली की सोडायचं. शिकवणं खरं कॉलेजात.'

यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे शिक्षकाची किंमत विद्यार्थ्याच्या उंचीवरून ठरते. विद्यार्थ्याला मिसरूड फुटलेलं असेल तर शिकवणारा प्राध्यापक होतो आणि त्याला वेतन मिळतं. विद्यार्थ्याचं नाक गळत असेल तर शिकवणारी सेविका होते आणि तिला मानधन मिळतं.

वर्गात सगळ्या अठरा-वीस वर्षांच्या मुली आणि मी. पहिल्या दिवशी मी दारातून आत शिरलो तशा त्या सगळ्या उठून उभ्या राहिल्या आणि एका सुरात 'गुड मॉर्निंग सर' म्हणाल्या. मी मुकाट्याने जाऊन शेवटच्या बाकावर बसलो, तेव्हा कुठे त्या बसल्या. नंतर खऱ्या मॅडम आल्या, तेव्हा मात्र कुणी उठलं नाही. मुली अजून माझ्याकडेच वळून बघत होत्या.

मला धीर दिला तो बालशिक्षणाच्या इतिहासाने. या क्षेत्रातले सगळे थोर लोक दुसऱ्याच धंद्यातून घुसलेले आहेत. १८४० साली 'किंडरगार्टन' हे नाव देणारा फ्रोबेल तरुणपणी वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी करत होता. १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडणाऱ्या मारिया मॉन्टेसोरी डॉक्टर होत्या. मुलांच्या विचारशक्तीचे टप्पे मांडणाऱ्या पियाजेने डॉक्टरेट मिळवली ती गोगलगायी-शिंपल्यांच्या अभ्यासावर. आणि भावनगरला १९२० साली बालमंदिर काढणारे गिजुभाई बधेका हे वकील. पुढे गुजरातने त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशावाली आई, अशी पदवी दिली. मग बँकेच्या हेडकॅशियरने कुणाचं घोडं मारलं होतं? मिशा तर मलाही होत्या.

पण अभ्यासक्रमाची खरी मेख इतिहासात नव्हती, ती क्षेत्रकार्यात होती. क्षेत्रकार्य म्हणजे अंगणवाडीत जायचं, कोपऱ्यात बसायचं आणि बघायचं. शिकवायचं नाही, मदत करायची नाही, शाबासकी द्यायची नाही, 'अरे अरे' म्हणायचं नाही. दिसेल तेवढंच लिहायचं. माझ्या लहानपणी मास्तर वर्गात शिरताच ओरडायचे, 'हाताची घडी, तोंडावर बोट!' पन्नासेक वर्षांनी तीच शिक्षा मला पुन्हा झाली. फरक एवढाच की या वेळी मुलं मोकळी होती.

दिसेल तेवढंच लिहायचं, हे ऐकायला सोपं वाटतं. माझ्या पहिल्या टिपणात 'मूल रागावले' असं वाक्य होतं. मॅडमनी त्याखाली लाल रेघ मारली. 'रागावलं हे तुम्हाला कसं कळलं?'

'दिसत होतं की.'

'काय दिसत होतं?'

'कपाळावर आठ्या होत्या, मुठी आवळल्या होत्या, पाय आपटत होतं.'

'मग तेवढंच लिहा. राग तुमचा आहे, आठ्या त्याच्या आहेत.'

हे मला चटकन पटलं, कारण उभा जन्म मी व्हाउचरशिवाय एंट्री पास केली नव्हती. 'गोड', 'हट्टी', 'हुशार', 'खोडकर' या सगळ्या व्हाउचर नसलेल्या एंट्र्या. त्या काढून टाकल्या तर मुलांबद्दल मोठी माणसं जे बोलतात त्यातलं जवळजवळ काहीच उरत नाही. नातेवाइकांची तर वाचाच बसेल.

टिपणात मुलांची नावंही लिहायची नसतात. त्यामुळे माझी पहिली ओळख झाली ती मूल 'अ'शी. वय चार, उंची माझ्या गुडघ्याच्या जरा वर, पायात पट्ट्यांच्या चपला. म्हणजे पायात नव्हत्या, तोच तर प्रश्न होता. सुटीच्या वेळचं माझं टिपण जसंच्या तसं देतो :

१०.१२ : मूल 'अ' उंबऱ्यावर बसते. डावी चप्पल उजव्या पायात घालते.

१०.१३ : पट्टा ओढते. पट्टा चिकटत नाही. पुन्हा ओढते.

१०.१५ : चप्पल काढते. उलटी करून तळ बघते. तळाला लागलेला चिखल बोटाने काढते. तो उंबऱ्याला पुसते.

१०.१६ : चप्पल पुन्हा त्याच पायात घालते.

१०.१७ : माझ्याकडे बघते.

या १०.१७ ला माझ्या मनाची काय अवस्था झाली ती नोंदवायला टिपणात रकाना नव्हता. माझे दोन्ही हात आपोआप पुढे गेले होते. चपला उचलाव्यात, अदलाबदल करावी, पट्टे दाबावेत आणि 'पळ' म्हणावं, एवढंच ते काम. दहा सेकंदांचं. मी हात मागे घेऊन त्यांच्यावर बसलो. मॉन्टेसोरीबाईंचं सांगणं असं की मुलाला जे स्वतः करता येईल असं वाटतंय, तिथे मोठ्यांनी हात घालू नये. ती मदत नसून अडथळा असतो. बाईंचं खरंच होतं, पण त्या वेळी माझ्या बुडाखाली माझे हात वळवळत होते.

१०.२१ : मूल 'अ' दोन्ही चपला समोर ठेवते. एकमेकींना टेकवते. दूर करते. जागा बदलते. पुन्हा टेकवते.

१०.२३ : चपला योग्य पायांत घालते. पट्टे चिकटतात. उठते.

मी सुस्कारा सोडला. मूल 'अ' थेट माझ्यासमोर आलं, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणालं, 'आजोबा, तुमची नाडी सुटली.' मग खाली बसून माझ्या बुटाच्या लेसला त्याने अशी गाठ मारली की घरी आल्यावर ती कात्रीने कापावी लागली. टिपणाच्या शेवटी मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'मूल 'अ'ने प्रशिक्षणार्थीस आवश्यकतेपेक्षा जास्त मदत केली.' मॅडमनी समासात शेरा दिला, 'निरीक्षण चांगले. पान २ वर 'बिचारे' हा शब्द कशाला?'

पुढचं प्रात्यक्षिक पियाजेच्या पाण्याचं. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्यायचं आणि मुलाला विचारायचं, 'दोन्हींत सारखं आहे ना?' मूल हो म्हणतं. मग त्याच्यादेखत एका पेल्यातलं पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतायचं आणि पुन्हा विचारायचं, 'आता सारखंच आहे, की कुणात जास्त आहे?' साधारण सहा-सात वर्षांखालची मुलं उंच पेल्याकडे बोट दाखवतात. त्यावरून पियाजेने असं सांगितलं की आकार बदलला तरी प्रमाण तेच राहतं, ही समज मुलांना अजून आलेली नसते.

मूल 'आ'ने पुस्तकाबरहुकूम उंच पेल्याकडे बोट दाखवलं. मूल 'इ'ने पहिल्या प्रश्नाला 'सारखं' म्हटलं, दुसऱ्या प्रश्नाला माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि 'तुम्ही सांगा' म्हणालं. मूल 'ई'ने उंच पेला उचलून पिऊन टाकला. प्रयोग संपला.

मला मूल 'इ'चं उत्तर सर्वांत शहाणपणाचं वाटलं. मार्गारेट डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७८ साली एक पुस्तक लिहून पियाजेच्या अशा प्रयोगांवर नेमकं याच जागी बोट ठेवलं. मोठा माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारतो, तेव्हा मुलाला वाटतं की आधीचं उत्तर त्याला हवं होतं ते नव्हतं. म्हणून ते उत्तर बदलतं. प्रश्न पाण्याबद्दल असतो, पण मूल वाचत असतं ते विचारणाऱ्याचा चेहरा. यासाठी चार वर्षांचं असावं लागत नाही. आमचे मॅनेजर 'टॅली झालंय ना? नक्की?' असं दुसऱ्यांदा विचारायचे, तेव्हा वीस वर्षं नोकरी झालेले लोक बरोबर आलेली बेरीज घाईघाईने खोडायचे.

खेळाच्या अभ्यासात मिल्ड्रेड पार्टेन यांचं १९३२ सालचं वर्गीकरण शिकलो. काही मुलं एकटी खेळतात. काही शेजारी शेजारी पण आपापलं खेळतात. काही मिळून खेळतात. आणि काही नुसती कडेला उभी राहून दुसऱ्यांचा खेळ बघतात. बघण्याचा हा प्रकार लहानपणाबरोबर मागे पडतो, अशी माझी समजूत होती. त्याच आठवड्यात आमच्या रस्त्यावर गटाराच्या कामाला जेसीबी आला. आमचा अख्खा कट्टा, प्राचार्यांसकट, हात मागे बांधून तासभर खड्ड्याच्या काठाशी उभा होता. त्यांना टिपणात कुठल्या वयोगटात घालावं, हे मला अजून सुचलेलं नाही.

पुढे 'शून्य खर्चाचं शैक्षणिक साहित्य' करायचं होतं. या कल्पनेमागची माणसं फार मोठी आहेत. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या आणि पुढे दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर ठाण मांडलं. परदेशी साधनं महाग, म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पानं, खडे यांवर काम भागवलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आधी मुलांच्या नखा-केसांची, आंघोळीची व्यवस्था आणि मग गाणी-गोष्टी, असा क्रम. त्यांचा खर्च खरोखरच शून्याच्या आसपास असणार.

आमच्या शून्याला मात्र ग्लू गन, चमकी, फोम शीट, रंगीत कार्डशीट आणि वेल्क्रो लागलं. माझ्या शून्य खर्चाच्या कासवाचं बिल सव्वासातशे रुपये झालं. पाठीसाठी वापरलेली वाटी टाकाऊ असल्याचं मी गृहीत धरलं होतं. ती सौभाग्यवतींच्या माहेरची निघाली. 'टाकाऊतून टिकाऊ म्हणता, आणि टिकाऊ होतं ते टाकाऊ करून ठेवलंत,' एवढंच ती म्हणाली, पण त्या रात्री आमटी पातेल्यातून थेट ताटात पडली.

अंगणवाडीतल्या मुलांनी ते कासव एकदा हातात घेतलं, चमकी खरवडून बघितली आणि ते ज्या खोक्यातून आलं होतं त्या खोक्यात जाऊन बसली. खोकं मात्र खरोखर शून्य खर्चाचं होतं.

कधीकधी पालक भेटायचे. त्यांचा प्रश्न ठरलेला. 'लिहायला कधी घेणार?' मी शिकलेलं सांगायचो : आधी बोटांचे स्नायू तयार व्हावे लागतात, मणी ओवणं, माती मळणं, कागद फाडणं हीच लेखनाची तयारी. यावर एक आई म्हणाली, 'कागद फाडायला इथे कशाला पाठवायचा? तो घरी फुकट फाडतो. परवा लाइटचं बिल फाडलं.' नव्या शैक्षणिक धोरणाने २०२० साली तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला, हे मी तिला सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, 'त्या धोरणात लाइटबिलाचं काय लिहिलंय?'

मात्र सगळ्यात जास्त शिकवलं ते आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलाने. दिवाळीत मुलगा-सून आले, बरोबर चार वर्षांचा नातू. त्याला आमटी स्वतः वाढून घ्यायची होती. सून पळी घ्यायला धावली, मुलगा 'सांडेल, सांडेल' म्हणाला. मी दोघांनाही हाताने अडवलं आणि व्याख्यान दिलं. पळी मुलाच्या हातात राहिली पाहिजे, मनगटावरचा ताबा असाच येतो, आपण मधे पडायचं नाही, फक्त बघायचं.

आम्ही सगळ्यांनी बघितलं. आमटी ताटात आली, ताटाबाहेर आली, टेबलावरून फरशीवर आली आणि नव्या गालिच्यापर्यंत पोचली. पळीच्या कडेवरून धार कशी वळते, हे नातू डोळे बारीक करून न्याहाळत होता. इतकं एकाग्र कुणी आमच्या शाखेत मी शेवटचं कधी पाहिलं, ते आठवत नाही.

सौभाग्यवती उठली, आतून फडकं घेऊन आली आणि माझ्यापुढे धरलं. 'निरीक्षण झालं असेल तर हे घ्या.'

'अगं, पण मॉन्टेसोरी पद्धतीत सांडलेलं मुलानेच पुसायचं असतं,' मी म्हणालो. 'तोही शिक्षणाचाच भाग आहे. आपण फक्त एकदा करून दाखवायचं, म्हणजे ते बघून शिकतं.'

'मग दाखवा ना करून,' ती म्हणाली. 'लग्नाला चाळीस वर्षं झाली, आम्हालाही बघायचंय.' आणि ती खुर्ची ओढून, हाताची घडी घालून बसली. नातवाने तिच्याकडे बघितलं आणि त्यानेही घातली.