मक्त्याची गाडी

डहाणू ते तलासरी या टापूत कुणाला गाडी घ्यायची असली की तो आधी गुरुजींना विचारतो आणि मग बँकेत जातो. स्वतः गुरुजींकडे गाडी नाही. सायकल होती, ती भाच्याला दिली. पण कुठल्या गाडीचा विमा तिसऱ्या वर्षी किती उतरतो, सीएनजीची टाकी डिकीतली किती जागा खाते, सात वर्षांच्या कर्जाला माणूस का भुलतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथे ते मुख्याध्यापक. राहायला डहाणूला, वाडीत. चारोटीवरून जाऊन-येऊन रोजचे नव्वदेक किलोमीटर होतात. आम्हा पाच-सहा नोकरदारांना महिन्याच्या बोलीवर ने-आण करणारी पिवळ्या पाटीची इको आहे, तिच्यातली पुढची खिडकी गुरुजींची.

मांडीवर कॅटलॉग. गाड्यांचा नव्हे, शाळेतला हजेरीचा जुना कॅटलॉग, ज्यात अर्धी पानं कोरी राहिली होती. मुलांच्या नावांच्या जागी गाड्यांची नावं आणि तारखांच्या रकान्यांत किंमत, हप्ता, विमा, सर्व्हिस, टायर. बाद झालेल्या गाडीचं नाव पटावरून कमी करायचं आणि शेऱ्यात कारण लिहायचं, अशी शिस्त. नॅनो २००९ साली पटावर आली. ‘पहिल्या वर्षाचे दोष निघू देत’ म्हणून गुरुजी थांबले. दोष निघेपर्यंत लोकांचं मन उडालं आणि २०१८ साली कारखान्यानं ती बनवायचंच थांबवलं. तिच्यापुढे लाल शाईत शेरा आहे : शाळा सोडली.

इथपर्यंत मामला साधा होता. घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न. घोळ वाढवला तो भाच्यानं. हा वापीच्या एका कंपनीत आहे. एका दिवाळीला तो नवी कोरी गाडी घेऊन आला आणि म्हणाला, ‘मामा, माझी नाहीये. लीजवर आहे.’ कंपनीनं गाडी भाड्यानं घेऊन याला वापरायला दिलेली. भाडं पगारातून परस्पर कापलं जातं, त्यामुळे आयकरही थोडा वाचतो. विमा, सर्व्हिस, रस्ता कर सगळं भाड्यात. तीन-चार वर्षांनी चावी परत.

गुरुजी त्या रात्री जेवले नाहीत, असं वहिनी सांगतात. कॅटलॉगचं नवं पान उघडून बसले होते.

इथे वाडीचं थोडं सांगायला हवं. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते पाट्यांवर दिसतं. पण वाडीवाल्याचं घर चालतं ते मक्त्यावर. ज्याला माणसं लावून तोडणी करणं जमत नाही तो हंगामाचं फळ मक्तेदाराला देऊन टाकतो. झाड आपलं, फळ त्याचं, पैसे आधी. गुरुजींची वाडी वडिलांच्या वेळेपासून मक्त्यानंच जाते. त्यामुळे लीज हा प्रकार मुंबईच्या माणसाला समजावून घ्यावा लागतो, गुरुजींना एका रात्रीत समजला. ‘हा मक्ताच,’ सकाळी इकोत बसता बसता ते म्हणाले, ‘फक्त या वेळी झाड त्यांचं आणि फळ माझं.’

मग महिनाभर आम्ही चारोटीपासून तलासरीपर्यंत लीजच ऐकलं. कॅटलॉगात दोन तुकड्या पडल्या, ‘अ’ विकत आणि ‘ब’ मक्त्यानं. चार लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षं घेतलं तर हप्ता ८,३०० रुपये, म्हणजे चार लाखांचे जवळजवळ पाच लाख फेडायचे. ‘अ’ तुकडी इथेच नापास होत होती. त्यात डहाणूचा खारा वारा. नरपड-चिखल्याच्या बाजूला उभ्या गाडीचा पत्रा खालून कसा खाल्ला जातो, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. गुरुजींनी ‘ब’ तुकडीच्या बाजूला लिहिलं : गंज त्यांचा.

पण परतीची कलमं वाचल्यावर त्यांचा चेहरा उतरला. वर्षाला ठरावीक किलोमीटर, त्यावर धावली तर वेगळा आकार. नव्वद गुणिले शाळेचे दिवस केले तर ती मर्यादा दिवाळीच्या सुट्टीपर्यंतच भरत होती. मधेच गाडी परत केली तर दंड. ओरखड्याचे पैसे वेगळे. वाडीच्या गल्लीत दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण, गाडी आत आली की ओरखडा ठरलेला. आणि मागच्या सीटवर चिकूची क्रेटं ठेवली तर? चिकूचा चीक एकदा कापडाला लागला की तो काही निघत नाही. ‘मक्तेदार माझ्या झाडाची फांदी मोडतो तेव्हा मी पैसे मागतो का?’ गुरुजींनी कळवळून विचारलं. मागतात. आम्ही गप्प बसलो.

एवढं होऊनही त्यांनी एका कंपनीला फोन केलाच. समोरच्या मुलीनं गोड आवाजात पिनकोड विचारला. गुरुजींनी ४०१६०२ सांगितला. तिनं विचारलं, ‘सर, हे मुंबईत कुठे येतं?’ गुरुजींनी तिला आधी पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी कसा झाला ते सांगितलं, मग लोकल २०१३ पासून डहाणूपर्यंत येते ते सांगितलं. सेवा मात्र आली नाही. शिवाय काही लीजच्या गाड्यांना काळी पाटी आणि पिवळे आकडे असतात असं कळलं. तसली गाडी शाळेसमोर उभी केली तर गावात काय म्हणतील, ही काळजी राहिली ती राहिलीच.

आता खरी गोम सांगतो, जी कॅटलॉगात कुठेच नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकानं मुख्यालयी राहायचं असतं आणि तसा ग्रामसभेचा ठराव लागतो. ठराव गुरुजींकडे आहे, सहीशिक्क्यासह. कागदोपत्री ते शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहतात. मग रोजच्या जाण्यायेण्यासाठी गाडी हवी, असं बँकेच्या अर्जात लिहायचं कसं? जो प्रवास होतच नाही त्याला मायलेज किती? एकदा कर्जाच्या साहेबानं सहज विचारलं, ‘गुरुजी, रोजचं रनिंग किती?’ गुरुजी म्हणाले, ‘शून्य.’ साहेब म्हणाला, ‘मग कशाला घेता?’ आणि गुरुजींना ते पटलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीनं गाडी विकत आणि बॅटरी किलोमीटरवर भाड्यानं, अशी योजना काढली तेव्हा मात्र ते पुन्हा पेटले. कॉमेट घ्यायची तर गाडीचे पाच लाख, बॅटरीला किलोमीटरमागे अडीच रुपये. ‘झाड माझं आणि फळाचा मक्ता माझ्याकडूनच!’ रोजचे नव्वद किलोमीटर म्हणजे सव्वादोनशे रुपये नुसते बॅटरीला, चार्जिंग वेगळं. हिशोब इकोच्या सीटपेक्षा महाग निघाला. पण पडती बाजू त्यांनी विजेवर ढकलली. डहाणूच्या औष्णिक केंद्रात पाचशे मेगावॅट वीज होते, ती मुंबईला जाते, आणि आमच्याकडे पावसाची पहिली सर आली की दिवे जातात. यावर त्यांनी शाळा येईपर्यंत भाषण केलं. गाडीत कुणीच विरोध करणारं नव्हतं, म्हणून भाषण अधिकच रंगलं.

गेल्या वर्षी घटस्थापनेला, २२ सप्टेंबर २०२५ रोजी, छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि अल्टोची शोरूम किंमत पावणेचार लाखांच्या आत गेली. आम्ही पेढे मागितले. गुरुजी शांतपणे म्हणाले, ‘काल ज्यानं घेतली तो आज रडतोय. आज घेणारा उद्या रडणार नाही कशावरून?’ त्याच आठवड्यात आमच्यातल्या दोघांनी त्यांच्याच आकडेमोडीवर गाड्या घेतल्या. एकानं वापीहून जुनी आणायचं ठरवलं होतं. त्याला गुरुजींनी जीजे-१५ ची एनओसी, एमएच-४८ चं पासिंग आणि पुन्हा भरावा लागणारा कर असं सगळं मांडून नवीच घ्यायला लावली, आणि वर बजावलं, ‘गाडी महाराष्ट्राची, पेट्रोल मात्र आच्छाड ओलांडून गुजरातचं.’ तो आजही मनापासून दुवा देतो.

दोन सीट रिकाम्या झाल्यावर इकोवाला घाबरला. जुनी गाडी दम टाकत होती, नवीसाठी बँक जामीन मागत होती. जामीन राहिले गुरुजी. हप्ता बसवून दिला त्यांनीच, पाच तारखेचा. म्हणून चार तारखेला गुरुजी आपल्या सीटचे महिन्याचे पैसे आगाऊ देतात, आणि बाकीच्यांनीही द्यावेत म्हणून आमच्या मागे लागतात. नव्या इकोचं दार कुणी जोरात लावलं की ओरडतात. उजव्या बाजूला पहिला ओरखडा आला तेव्हा इकोवाल्याआधी ते खाली वाकले.

‘गुरुजी, तुमच्या दाराशी असली तर तुमचीच म्हणायची की,’ इकोवाला म्हणाला.

‘माझी कशी? मी महिन्याचे पैसे देतो. विमा तुझा, सर्व्हिस तुझी, टायर तुझे.’ एवढं बोलून ते थांबले, कॅटलॉग उघडला, ‘ब’ तुकडीच्या पानाकडे बराच वेळ बघितलं आणि काही न लिहिता मिटला.

यंदा ३१ मे रोजी गुरुजी निवृत्त होतायत. त्यांच्या पिढीतल्या निम्म्या शिक्षकांप्रमाणे त्यांचाही जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनला झालाय. परवा इकोत त्यांनी जाहीर केलं की जूनमध्ये गाडी घेणार. विकतच, रोख. आम्ही चकित. आता कुठे जायचंय म्हणून?

‘तेच तर,’ गुरुजी म्हणाले. ‘गाडी झिजते ती धावल्यानं. आता धावणारच नाही, म्हणजे परवडली.’

मग इकोवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘दोन तारखेला सकाळी मोकळा राहा. शोरूमला जायचंय. सीएनजीचे पैसे माझे.’