जावेच्या तोंडात तीळ भिजायला लागला

अहो वहिनी, चादरी वाळत घालून झाल्या की जरा कुंपणापाशी या. मोठ्यानं बोलण्यासारखं नाही. तुमची सून आशा सेविकेचा अर्ज करणार म्हणे? गिरणीत ऐकलं. वरच्या आळीची आशाताई गाव सोडून गेल्यापासून जागा रिकामीच आहे, आणि हजार-दीड हजार वस्तीमागं एक आशा असा हिशेब, म्हणजे कुणाला तरी घेणारच. तुमचे हे नको म्हणतायत, तेही ऐकलं. मग माझं ऐका. माझ्या घरात एक आहे ना, धाकटी जाऊ.

पूर्वी ती कशी होती, मी तुम्हाला काय सांगायचं! तोंडात तीळ भिजत नव्हता. कुणाच्या घरी भांडी आपटली, कुणाची मुलगी बघून पाहुणे तसेच परत गेले, सगळं दिवेलागणीच्या आत आमच्या ओट्यावर. टीव्हीची गरज नव्हती. आणि आता? परवा खालच्या वाड्यात तासभर बसून आली. म्हटलं, काय गं, एवढा वेळ? तर म्हणते, ‘गृहभेट होती.’ कुणाची, कशाची, काही नाही. भाजी निवडायला बसली. मी दोनदा विचारलं, शेवटी ती देठंच मोजत बसली.

हे सगळं त्या ट्रेनिंगनं केलं. आधी आठ दिवसांचं झालं. मग सहावी-सातवी पुस्तिका म्हणतात ती, पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्या, तालुक्याला राहून. एक फेरी झाली की गावात येऊन काम करून बघायचं, अडलं ते पुढच्या फेरीत विचारायचं. भाऊजी पहिल्या फेरीला तोंड पाडून बसले होते, पोरांना डबा कोण देणार म्हणून. मीच दिला, दुसरं कोण? तिथं म्हणे नाटकंही करायला लावतात. एकीनं सासू व्हायचं, एकीनं सून, आणि तिसरीनं सासूला न दुखावता पटवायचं की चिकाचं दूध पिळून टाकू नका, तेच बाळाला पाजा. आमची जाऊ सासू झाली होती. कुणाची नक्कल केली असेल, मला अंदाज आहे, पण जाऊ दे.

आमच्या नातवाच्या वेळी तिचं काम डोळ्यांनी बघितलं. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशानं घरी यायचंच. घरी बाळंत झाली तर पहिल्या दिवसाची भेट जास्तीची. तर ही घरातलीच बाई, पण पिशवी घेऊन पाहुण्यासारखी दारातून आली. आधी बांगड्या वर सारल्या, अंगठी काढली, साबणानं नखांपर्यंत हात धुतले आणि दोन्ही हात वर धरून उभी राहिली. मी टॉवेल पुढं केला. नको म्हणाली, हवेवरच वाळू द्यायचे, टॉवेलला पुसले तर धुतले कशाला. माझा धुतलेला टॉवेल होता हो! राग आला, पण गप्प बसले.

मग बाळाच्या काखेत थर्मामीटर. मग झोळीचा काटा, तोही आधी रिकाम्या झोळीवर शून्याला आणून. मग झबलं वर करून पोटाकडं बघत बसली, हातात घड्याळ, पूर्ण एक मिनिट. मी काहीतरी विचारलं तर बोट वर केलं. श्वास मोजत होती. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, पुन्हाही तेवढेच आले तर थेट दवाखाना. नाळेला हळद लावायची नाही, तेल नाही, काहीच नाही. माझी घुटीची बाटली फळीवर होती ती नुसती बघितली. बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मीच उचलून ठेवली.

आणि हे काही दिल्लीत बसून कुणी काढलेलं नाही बरं का. गडचिरोलीच्या बंग डॉक्टरांचं, अभय आणि राणी बंग, ‘सर्च’वाले. नव्वदच्या दशकात त्यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना हे शिकवलं, आणि तिथली नवजात बाळांची मरणं 62 टक्क्यांनी खाली आली. 1999 साली ‘लॅन्सेट’ नावाच्या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये छापून आलं, तेव्हा बाहेरच्यांना खरं वाटलं. कमी शिकलेल्या बाईला श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी मण्यांची पाटीसुद्धा केली होती. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळूच्या घड्याळातलं मिनिट संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला न्यूमोनिया.

माझं माहेर जामखेडकडचं, तिथं तर त्याच्याही आधीपासून. आरोळे डॉक्टर नवरा-बायकोनं 1970 ला काम सुरू केलं, गावानं निवडून दिलेल्या बायकांना शिकवलं. कितीतरी जणी निरक्षर, कितीतरी दलित. ज्यांना ओसरीवर घेत नव्हते त्यांनाच पुढं रात्री-अपरात्री बाळंतिणीपाशी बोलवायला लागले. तेव्हा तुमची सून जेमतेम दहावी झाली म्हणून तिला कमी लेखू नका.

बाळंतपणावरच भागतं असं नाही आता. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा असतो. तंबाखू खाता का, दारू घेता का, व्यायाम किती, घरात बीपी-शुगर कुणाला, आणि टेप लावून कंबर! बाईची ऐंशी सेंटीमीटरच्या वर गेली की गुण चढायला लागतात, पुरुषाची नव्वदच्या. एकूण चारच्या वर गेलं तर आधी तपासणीला पाठवायचं. माझे किती भरले ते विचारू नका. आमच्या ह्यांनी तंबाखूच्या प्रश्नाला ‘कधीमधी’ म्हणून सांगितलं, तिनं नुसतं त्यांच्या खिशाकडं बघितलं.

आता असंही विचारतात की गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही, उदास वाटतं, असं किती दिवस झालं. हे ऐकून मला आधी हसू आलं. शेतकऱ्याच्या घरात कोण विचारतं असलं? पण एका घरी, कुणाचं ते तिनं सांगितलेलं नाही आणि मी शोधून काढलंय ते मी पण सांगणार नाही, त्या प्रश्नावर एक बाई डोळ्यांना पदर लावून बराच वेळ रडली, आणि पुढच्या आठवड्यात हिच्याबरोबर आरोग्य केंद्रात गेली. बघा, आपण तिच्या अंगणातून रोज जातो.

पैशाचं मात्र आधीच सांगते, मागून माझ्या नावानं बोटं मोडू नका. नोकरी नाही ही, मानधन. कामागणिक हिशेब. त्या बाळाच्या सगळ्या भेटी मिळून 250 रुपये. 2023 च्या दिवाळीच्या आगेमागे संप केला, पुढं आझाद मैदानावर उन्हात बसल्या, तेव्हा राज्यानं महिन्याला 5000 वाढवले आणि त्याचा जीआर 2024 च्या मार्चमध्ये निघाला. तरी पैसे वेळेवर येतीलच असं नाही. किराणावाल्याची वही आमच्याकडं पण आहे. त्यात रात्री दोनला फोन वाजला की 108 बोलवून गाडीत स्वतः बसायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 ला देशभरातल्या आशांचा गौरव केला, जावेनं पेपरचं कात्रण ठेवलंय. भाऊजी म्हणाले, याचं दूध येतं का? बोलणं कडू, पण खोटं नाही.

पुढं जायला वाट आहे, अरुंद आहे. वीसेक आशांवर एक गटप्रवर्तक असते, काही जणी शिकून तिथं पोचतात. कुणी नर्सिंगला जातात. सगळ्यांचं होत नाही.

म्हणून तुमच्या ह्यांना नीट सांगा: पैशाच्या आशेनं पाठवणार असाल तर नका पाठवू. पण ती पोर शांत आहे, चार घरांत तिला चहा विचारतात, आणि मुख्य म्हणजे सून आहे. लेकीला घेत नाहीत, लग्न होऊन दुसऱ्या गावाला गेली की ट्रेनिंग तिच्याबरोबर जातं. गावात राहणारी, पंचवीस ते पंचेचाळीसमधली, लग्न झालेली, विधवा किंवा नवऱ्यानं टाकलेली बाई त्यांना हवी असते. ग्रामसभेत नाव पुढं आलं पाहिजे. तिकडच्या गटाची पण एक उमेदवार आहे, गिरणीतच कळलं. तेव्हा दहावीची मार्कलिस्ट आणि रहिवासी दाखला आजच काढून ठेवा, आणि सभेला घरातल्या सगळ्या बायका घेऊन या. नुसते पुरुष आले तर नाव तिकडंच जाईल.