आधी नणंद, मग नवरा

लग्न कुणाशी करू नये याची यादी 1955च्या हिंदू विवाह कायद्यात दिलेली आहे. काका-पुतणी, मामा-भाची, सख्खे, सावत्र, इतकंच काय, भावाची बायकोसुद्धा त्यात आहे. मैत्रिणीचा भाऊ मात्र नाही. मी नीट वाचून पाहिलंय. कायदा करणाऱ्यांना बहिणी असतीलही, पण त्या बहिणींना मैत्रिणी नसाव्यात. नाहीतर एवढा ढळढळीत धोका त्यांच्या नजरेतून सुटला नसता.

धोका असा की, प्रेमात पडायच्या आधीच या माणसाची सगळी बदनामी आपल्या कानांवर येऊन गेलेली असते. हा ओला टॉवेल बहिणीच्या पलंगावर टाकतो, दुधावरची साय खाऊन पातेलं साळसूदपणे झाकून ठेवतो, सहामाहीत बीजगणिताला नापास झाला तेव्हा प्रगतिपुस्तकावर बाबांची सही यानेच ठोकली होती, आणि रात्री झोपेत अंपायरशी भांडतो, हे सगळं मला शाळेच्या रस्त्यावर रोज हप्त्याहप्त्याने कळत होतं. सांगणारी त्याची सख्खी बहीण, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. प्रत्येक हप्त्याला मी मनापासून ‘शी!’ म्हणत असे.

आम्ही डोंबिवली पूर्वेचे, एकाच सोसायटीतले. त्यांच्याकडे मी कधी बेल वाजवून गेले नव्हते. चपला काढायच्या, थेट फ्रिज उघडायचा आणि “काकू, कालची आमटी संपली का हो?” असं आतूनच विचारायचं. तो समोर बसलेला असला तरी टीपॉय असावा तसा असायचा; वळसा घालून जायचं, बस.

मग एका दिवाळीत फडके रोड आडवा आला. डोंबिवलीकरांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगते. नरकचतुर्दशीच्या सकाळी अभ्यंगस्नान उरकून, फराळाला जेमतेम तोंड लावून, गावातली झाडून सारी तरुण मंडळी नवे कपडे घालून गणपतीच्या दर्शनाला फडके रोडवर येते. त्यातली गणपतीपर्यंत किती पोचते, हा प्रश्न विचारायचा नसतो. मैत्रिणीला तिथे कॉलेजचा जुना कंपू दिसला. “हिच्याकडे लक्ष ठेव रे,” असं भावाला सांगून ती गर्दीत जी गडप झाली ती झालीच. आम्ही दोघं उभे. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “चहा घ्यायचा का?”

“तू चहा पीत नाहीस,” तो म्हणाला. “तुला ॲसिडिटी होते. आणि आठवीच्या गॅदरिंगला तू झाड झाली होतीस, तेव्हा पडदा पडल्यावरही तशीच उभी राहिलीस.”

मी हबकले. म्हणजे बाईसाहेबांनी दोन्हीकडे माल पुरवला होता! इकडे त्याचं बीजगणित, तिकडे माझं झाड. इतर मुली पहिल्या भेटीत आवाज हळू ठेवतात, पुस्तकं वाचते म्हणून सांगतात, वडापावसुद्धा बेताने खातात. आम्हाला यातलं काहीच करता येईना. करणार काय? समोरच्याकडे सगळी कागदपत्रं आधीच जमा होती. त्या सकाळी मी आयुष्यात प्रथमच एका मुलासमोर मनसोक्त बोलले आणि घरी आले तेव्हा मला दरदरून घाम फुटला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घराची बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “ताप आहे का गं?” काल-परवापर्यंत ज्या घरात मी दिवसातून वाटेल तेव्हा शिरत होते, तिथे जायला आता कारण लागू लागलं. विरजण मागून मागून आमच्याकडे दह्याची पातेली साचली. बाहेर भेटावं तर डोंबिवलीत कोपऱ्याकोपऱ्यावर कुणाची तरी मावशी. म्हणून ठाण्याला तलावपाळीवर गेलो, तर भेळेच्या गाडीपाशी आईच्या भिशीतल्या दोघीजणी. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. आमची नोटीस आम्ही लोकलने परत यायच्या आत सोसायटीत लागली होती.

मैत्रिणीला सांगायचं राहिलं होतं, ते आता सांगण्यासारखंही उरलं नाही. ती तणतणत आली. मला वाटलं, चोरून केलं म्हणून रागावली असेल. पण तिचं दुःख वेगळंच होतं. “तो?” ती म्हणाली. “अगं, मी एवढं सगळं सांगितलं होतं ना तुला? वाया गेलं?” मग तिने टॉवेलपासून पुन्हा सुरुवात केली. माझ्या अभिरुचीवरचा तिचा विश्वास त्या दिवशी जो उडाला, तो अजून पुरता बसलेला नाही.

खरी पंचाईत पुढेच. आजवर आवडलेल्या प्रत्येक मुलाची चिरफाड आम्ही दोघींनी मिळून केली होती. आता याच्याबद्दल बोलायला जावं तर ती कानांवर हात ठेवायची. “थांब, मला अजून जेवायचंय.” आणि भांडण झाल्यावर गेले तर तिच्याकडे माझ्याहून जुन्या आणि सरस तक्रारी तयार असत; माझं भांडण तिथे अगदीच किरकोळ ठरायचं.

लग्नात तिने दोन्ही पक्षांचा मान वसूल केला. सकाळी माझी मैत्रीण म्हणून नऊवारी नेसवली, खोपा घातला, रुखवत मांडलं. नंतर हातात करा घेऊन करवली झाली आणि वरपक्षाच्या बायकांबरोबर येऊन तेच रुखवत बघत म्हणाली, “क्रोशाचं काम जरा घाईत उरकलेलं दिसतंय.” ते तिनेच केलं होतं. गृहप्रवेशाला दार अडवून “तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का?” असंही विचारून झालं. तोवर तिचं स्वतःचं लग्नही ठरलेलं नव्हतं. मी माप ओलांडायच्या आधी तिला कानात सांगितलं, की आतेभाऊ-मामेबहीण हे त्या यादीत आहे. रूढीची सूट असेल तरच चालतं. “उखाण्यात घे,” ती म्हणाली.

आता दिवाळीत पाडव्याला मी त्याला ओवाळते आणि भाऊबीजेला ती. संध्याकाळी आम्ही दोघी बाल्कनीत बसून आपापली पाकिटं उघडतो. यंदा तिच्या पाकिटात माझ्यापेक्षा 500 रुपये जास्त निघाले. मी नवऱ्याला जाब विचारला. तो म्हणाला, “ते गप्प बसण्याचे आहेत.”

कशाबद्दल गप्प? मला तर वाटत होतं, पाचवीपासूनचं सगळं ऐकून झालंय. मी चकल्यांचा डबा पुढे केला, काकूंची, म्हणजे सासूबाईंची, शपथ घातली. एरवी मला शिव्या दिल्याशिवाय हाक न मारणारी ती बया दोन चकल्या उचलून शांतपणे म्हणाली, “वहिनी, हे आमच्या घरातलं आहे.”