एक राजा, तीन पत्ते

हॅब्सबर्ग घराण्यातली माणसं मरत एकाच जागी, पण त्यांना पुरायला व्हिएन्नात तीन-तीन चर्चं लागत. देह कापुचिन साधूंच्या तळघरात, हृदय चांदीच्या भांड्यातून ऑगस्टिनियन चर्चमध्ये आणि आतडी तांब्याच्या बरणीत घालून सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या पोटात. सतराव्या शतकात बसलेला हा पायंडा १८७८ पर्यंत चालला. मी ही माहिती मोठ्या रुबाबात सांगितली, तेव्हा आत्याने एकच शंका काढली : "मग श्राद्धाचं पान वाढायचं कुठे?"

आम्ही बरण्यांपासून सुरुवात केली. कॅथीड्रलचा दक्षिणेकडचा मनोरा १३६ मीटर उंच, वर जायला ३४३ पायऱ्या. उत्तरेकडचा मनोरा बांधता बांधता अर्ध्यावरच सोडलेला, आणि लिफ्ट नेमकी त्यात. काम अर्धवट टाकणाऱ्या त्या गवंड्यांना आत्याने मनापासून आशीर्वाद दिले. वर वीस टनांची घंटा आहे. १६८३ च्या वेढ्यानंतर तुर्कांनी मागे टाकलेल्या तोफा वितळवून १७११ मध्ये पहिली घंटा ओतली. १९४५ च्या आगीत ती कोसळून फुटली, मग तिच्याच तुकड्यांतून ही नवी केली. १६८३ म्हणजे औरंगजेब दख्खनेत उतरलेला आणि संभाजीराजे पोर्तुगीजांवर गोव्यात चालून गेलेले, हे मी सांगितलं. "म्हणजे त्या वर्षी कुणालाच उसंत नव्हती," आत्या म्हणाली, आणि जागतिक इतिहास तिथेच आटोपला.

तळघर वाटाड्यासोबतच पाहायचं, फोटो काढायचा नाही. आमचा वाटाड्या प्रत्येक विनोद आधी जर्मनमध्ये करी, मग इंग्रजीत. त्यामुळे जर्मन मंडळी हसून गंभीर होत तेव्हा आमची हसायची पाळी येई, आणि तीही नेमकी हाडांसमोर. इथे अकरा हजारांवर माणसांची हाडं आहेत, वखारीत लाकडं रचावीत तशी रचलेली. दुसऱ्या जोसेफ सम्राटाने १७८३ मध्ये इथलं दफन बंद केलं. हा गृहस्थ काटकसरीचा. पुढच्याच वर्षी त्याने फर्मान काढलं, की शवपेटीच्या तळाला झडप ठेवायची, मृतदेह खड्ड्यात सोडायचा आणि पेटी पुढच्या गिऱ्हाइकाला वापरायची. लोक इतके भडकले की सम्राटाला फर्मान मागे घ्यावं लागलं. प्रजेने एवढ्या एकाच बाबतीत तरी उधळपट्टीचा हक्क मिळवला, याचं मला फार कौतुक वाटतं.

बरण्यांची खोली लहानशी. फळीवर ओळीने तांब्याची झाकणबंद भांडी. आत्याने ती नीट न्याहाळली आणि हलकेच विचारलं, "अरे, हॉटेलात गरम पाणी चोवीस तास असतं ना? इथून गेल्यावर डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय मी काही खायची नाही." मी कॅफेतल्या सफरचंदाच्या स्ट्रूडेलवर मनातल्या मनात पाणी सोडलं.

पण एकदाच आंघोळ करायची, तर देहही आजच बघून टाकावेत, असं तिनेच ठरवलं. कापुचिन चर्च बाहेरून इतकं साधं, की खाली दीडशेच्या आसपास राजघराण्यातली माणसं झोपली आहेत असं कुणाला वाटू नये. खाली मात्र धातूला पूर आलेला. सहाव्या चार्ल्सच्या पेटीवरची कवटी चक्क मुकुट घालून बसली आहे. मारिया तेरेसा आणि तिचा नवरा फ्रान्सिस यांची पेटी तर एखाद्या खोलीएवढी. झाकणावर दोघं कयामतीच्या तुतारीने नुकतीच जागी होऊन एकमेकांकडे बघताहेत. "सोळा मुलं झाली हिला," मी म्हणालो. "मग झोपू दे की बिचारीला!" आत्या म्हणाली. त्या अवाढव्य पेटीच्या पायथ्याशी झडपवाल्या जोसेफची साधी, बिनानक्षीची तांब्याची पेटी. आईपुढे मुलगा असाच दिसायचा.

आत्याला खरी आवडली ती कॅरोलिना फुक्स. ही मारिया तेरेसाला सांभाळणारी बाई. राजरक्ताचा थेंब नसताना राणीने तिला आपल्या कुळात जागा दिली. सम्राज्ञी सिसी आणि तिचा नवरा सम्राट फ्रान्झ जोसेफ यांच्यापुढे गर्दी होती, आम्हाला फक्त पाठी दिसल्या. आत्या तोवर पुन्हा फुक्सबाईंकडे जाऊन हात जोडून आली.

बाहेर पडताना मी नेपोलियनच्या मुलाची गोष्ट काढली. १८३२ मध्ये तो एकविसाव्या वर्षी क्षयाने इथे वारला आणि आईकडून हॅब्सबर्गच असल्याने त्याचीही रीतसर तीन ठिकाणी वाटणी झाली. पुढे १९४० मध्ये हिटलरने त्याचा देह उचलून बापाजवळ पॅरिसला पाठवला. हृदय आणि आतडी मात्र व्हिएन्नातच राहिली.

आत्या थबकली. "म्हणजे हा मुलगा पुरता बघायचा तर पॅरिस गाठायला हवं?"

"हो."

"तिथे लिफ्ट आहे का, ते आधी विचार."