मापात पाप

मी गोल्फ खेळतो असं सांगितलं की लोक माझ्याकडे नव्याच आदराने बघायला लागतात, आणि तो आदर मी चहा संपेपर्यंत कसाबसा टिकवून धरतो, कारण त्यापुढे सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नसतं. खरी गोष्ट अशी की पुण्याच्या कडेला एक ड्रायव्हिंग रेंज आहे, तिथे मी आठवड्यातून दोनदा जातो, पन्नास चेंडूंची बादली घेतो, ते पन्नास चेंडू त्यांना वाटेल त्या दिशेला रवाना करतो आणि कंबर धरून घरी येतो. अठरा होलचा खरा कोर्स मी पाहिला आहे. कुंपणाबाहेरून.

हे खूळ डोक्यात शिरलं ७ ऑगस्ट २०२१ रोजी. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक शेवटच्या फेरीत पदकाच्या शर्यतीत होती आणि बोगी म्हणजे आगगाडीची एवढंच ठाऊक असलेला आपला अख्खा देश पहाटे उठून टीव्हीसमोर बसला होता. मीही बसलो होतो, शाल गुंडाळून. एका फटक्याने तिचं ब्राँझ हुकलं, ती चौथी आली, आणि मला इतकं लागलं की या खेळाची कुणीतरी दखल घ्यायला हवी, मग ती आपणच का घेऊ नये, असं वाटून गेलं. त्याच दिवशी संध्याकाळी नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्ण मिळवलं. आमच्या हिचं म्हणणं, वेड लागायचंच होतं तर संध्याकाळपर्यंत दम धरायचा. भाला एक घेतला की भागतं. गोल्फच्या पिशवीत नियमाने चौदा काठ्या ठेवता येतात, आणि नियमाने जे मिळतं ते मी सोडत नाही.

त्या काठ्या मी जुन्या घेतल्या, त्यांतल्या तेरा अजून नव्यासारख्या आहेत. मी खेळतो ती फक्त सात नंबरची आयर्न. बाकीच्या सोबतीला असतात.

आता मूळ दुखण्याकडे येतो. मी चौतीस वर्षं एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गो-नो-गो गेज यांच्या संगतीत माणसाचं जे व्हायचं ते माझं झालेलं आहे. माणूस रिटायर होतो, त्याचा लीस्ट काउंट होत नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी हिच्या पोळ्यांची जाडी मोजली होती, पाच पोळ्यांची, कडेला आणि मध्ये, आणि सरासरी तिला सांगितली होती. त्या दिवसापासून व्हर्नियर माळ्यावर आहे. अशा माणसाला कुणी सांगितलं की बाजारात एक डबी मिळते, ती मागे ठेवली की चेंडू किती वेगाने सुटला, किती अंशात वर गेला, किती गरगरला आणि हवेतून किती यार्ड गेला हे सगळं मोबाइलवर येतं, तर त्याला रात्री झोप कशी लागावी?

नाहीच लागली. पंधरा दिवस मी त्या लाँच मॉनिटरचाच अभ्यास केला. त्यांच्या दोन जाती. एक कॅमेऱ्याची: ती चेंडूच्या शेजारी बसते आणि फटका बसता क्षणी पटापट फोटो काढून त्यावरून गणित मांडते. दुसरी रडारची: ती चेंडूमागे बसते आणि परतून येणाऱ्या लहरींवरून वेग काढते. तत्त्व डॉप्लरसाहेबांचं, १८४२ सालचं. आगगाडी जवळ येताना तिची शिटी बारीक ऐकू येते आणि लांब जाताना जाडी होते, ते. रस्त्यावर पोलीस ज्या रडारच्या बंदुकीने गाड्यांचा वेग पकडतात तिचंही तत्त्व हेच. त्या बंदुकीत मी आजवर कधी सापडलेलो नाही, पण यात माझ्या सज्जनपणापेक्षा माझ्या स्कूटरचा वाटा मोठा आहे.

या जगातला थोरला म्हणजे ट्रॅकमन. डेन्मार्कची २००३ सालची कंपनी, आणि व्यावसायिक खेळाडू त्यावर डोळे मिटून भरवसा ठेवतात. त्याच्या किमतीत दारात चांगली मोटार उभी राहते, त्यामुळे तो विषय पहिल्याच संध्याकाळी संपला. पण २०२१ मध्येच गार्मिनने आर१० नावाचं तळहातावर मावेल असं रडार अमेरिकेत सहाशे डॉलरला काढलं आणि माझ्यासारख्या हौशी माणसांचा घात झाला. लाखांतली वस्तू हजारांत आली की ती आपल्याला स्वस्त वाटायला लागते. शिवाय काही यंत्रांना वर्षाची वर्गणी असते. म्हणजे आधी यंत्र विकत घ्यायचं आणि मग ते आपल्याला दर रविवारी जे बोलतं ते ऐकून घ्यायला वर्गणी भरायची.

"पन्नास हजारांच्या वर?" ही म्हणाली.

"अगं, पण रडार आहे."

"दुर्बीणही होती."

दुर्बिणीचा विषय आमच्याकडे असा कधीही निघतो. मंगळ साठ हजार वर्षांत पहिल्यांदाच पृथ्वीच्या इतका जवळ येतोय म्हणून २००३ साली मी ती घेतली होती. मंगळ आला. पण तो आला ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, आणि ऑगस्टात पुण्याच्या आकाशात मंगळच काय, समोरच्या बिल्डिंगची टाकी दिसत नाही. दुर्बीण विकून टाकावी असं मी एकदा सुचवलं, तर ही म्हणाली, "राहू दे, पुढच्या खेपेला लागेल."

एवढ्यात माझा टेक्सासचा पुतण्या सुट्टीला आला. तो तिकडे खरं गोल्फ खेळतो, गवतावर. कोकणात जाताना त्याने आपली डबी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "काका, पंधरा दिवस वापरून बघा. आवडली तर पुढच्या वेळी तुमच्यासाठी एक घेऊन येतो." ती कुठल्या कंपनीची होती ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिचा काही दोष नव्हता.

पहिल्या दिवशी सकाळी सातला मी रेंजवर हजर. तिथे एक मामा आहेत, साठीचे, पूर्वी कॅडी होते. तळहातावर तंबाखू मळत माझ्या मागे उभे राहतात आणि माझ्या प्रत्येक फटक्याला अंतर सांगतात. ते अंतर नेहमी सव्वाशे यार्ड असतं. वारा असो, पाऊस असो, चेंडू मॅटवरून पडून माझ्याच बुटावर आलेला असो, "सव्वाशे, साहेब." माझ्यातल्या क्वालिटी कंट्रोलरला हे फार दिवस खुपत होतं. म्हणून मी मामांच्या देखत, थोड्या विजयी मुद्रेने, ती डबी चेंडूच्या मागे दोन मीटरवर टेप लावून ठेवली, गुडघे टेकून ती समपातळीत आहे का ते पाहिलं, मामांचा हात धरून उठलो आणि फटका मारला.

मोबाइल गप्प. दुसरा मारला. गप्प. पहिल्या दहांतले सहा फटके यंत्राच्या लेखी झालेच नाहीत. तोफगोळ्यांचा माग काढणाऱ्या रडारच्या खानदानातलं ते यंत्र, आणि माझा चेंडू त्याच्या देखत गवतातून सरपटत जात असताना त्याला त्यात दखल घेण्याजोगं काही दिसेना. उरलेल्या चारांत एकाचा स्मॅश फॅक्टर निघाला ०.९१. स्मॅश फॅक्टर म्हणजे चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग. मोठ्या ड्रायव्हरने मारताना तो दीडला टेकला की कळस झाला. ०.९१ म्हणजे माझा चेंडू माझ्या क्लबपेक्षा हळू गेला होता. लोक चेंडू मारतात, मी त्याला ओव्हरटेक केलं होतं.

यंत्राने आणखीही बरंच सांगितलं. सात नंबरच्या आयर्नने चेंडूवर जरा वरून खाली यायचं असतं. मी खालून वर जात होतो, विहिरीतून बादली शेंदावी तसा. शिवाय चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबचं तोंड असेल तिकडे, आणि मग हवेत वळतो तो तोंड आणि क्लबची वाट यांच्यात जे अंतर पडतं त्यामुळे. जुने लोक हे नेमकं उलटं शिकवत, रडार आल्यावर ते सुधारलं. माझं तोंड एकीकडे आणि वाट दुसरीकडे असल्याचं निदान यंत्राने केलं. आमच्या घरी ते आधीपासून माहीत होतं.

आणि मग अकराव्या फटक्याला चमत्कार झाला. १३८ यार्ड! बाराव्याला १४१. तेराव्याला १३६. तुम्ही म्हणाल, अहो, डोळे होते ना, चेंडू कुठे पडला ते दिसलं नाही? नाही दिसलं. गोल्फमध्ये पहिला धडा असतो डोकं खाली ठेवण्याचा, आणि तो मी इतका मनापासून पाळतो की माझा चेंडू कुठे जातो हे मला या काही वर्षांत कधी कळलेलंच नाही. म्हणून तर यंत्र हवं होतं! ट्रॅकमनने छापलेल्या एका जुन्या तक्त्यात पुरुषांच्या अमेरिकन दौऱ्यावरच्या खेळाडूंची सात नंबरची सरासरी १७२ यार्ड आहे आणि महिलांच्या दौऱ्याची १४१. मी मनातल्या मनात महिलांच्या दौऱ्यात जाऊन बसलो. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, वहिनींनी अंगठे पाठवले, धाकट्या बहिणीने नेहमीप्रमाणे न वाचता हात जोडले. मामांना म्हटलं, "बघा!" मामा म्हणाले, "मी काय सांगत होतो?" सगळ्या रेंजला मी चहा सांगितला, वर वडापाव, आणि यंत्र घ्यायचंच असं ठरवून खुर्चीवर टेकलो.

चहाचा घोट घेतला आणि मोबाइलवर १३९ आलं.

माझी आयर्न तेव्हा भिंतीला टेकलेली होती. माझ्या हातात वडापाव होता. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी अनेक सदोष यंत्रं पाहिली, पण वडापाव १३९ यार्ड गेल्याची नोंद करणारं एकही पाहिलं नव्हतं. हळूच मान वळवली. शेजारच्या मॅटवर बारा-एक वर्षांची मुलगी होती, दोन वेण्या, पायात शाळेचे पांढरे बूट. तिने क्लब फिरवला, टक् असा स्वच्छ आवाज आला, आणि मोबाइल म्हणाला १४०.

तीही बघत होती. "आजोबा," ती म्हणाली, "माझे नंबर तुमच्या फोनवर येतायत का?"

रडारच्या पट्ट्यात शेजाऱ्याचा फटका येऊ शकतो, हे माहितीपत्रकात असणार. मी माहितीपत्रक वाचलं नव्हतं. दुसऱ्यांना ते न वाचल्याबद्दल मेमो देत मी नोकरी केली. तिने मोबाइल मागून घेतला, सगळे आकडे पाहिले, नाक मुरडलं आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, आज कमीच जातायत." चहाचे पैसे मात्र माझ्याच खात्यावर लागले, आणि ग्रुपवरचा फोटो पुसायला गेलो तोवर टेक्सासच्या सुनेने त्याला हृदय दिलं होतं.

मग मी अगदी कोपऱ्यातल्या मॅटवर गेलो, जिथे एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला कोणी नाही, आणि चौदा दिवस शास्त्रशुद्ध काम केलं. वही केली, रकाने आखले. शेवटच्या दिवसाचे फटके असे: ८४, ३१, ९७, १२, ९०, ६६, आणि तीन ठिकाणी आडवी रेघ. हे आकडे बघताना मला आमच्या खात्यातला एक जुना नियम आठवला. मापायच्या वस्तूला जेवढा टॉलरन्स, त्याच्या दहाव्या भागाइतकं बारीक मोजणारं साधन पुरतं. त्याहून बारीक घेणं म्हणजे नारळ तोलायला सोनाराचा काटा आणणं. माझा टॉलरन्स ९७ वजा १२, म्हणजे ८५ यार्ड. दहावा भाग साडेआठ यार्ड. साडेआठ यार्ड म्हणजे माझी दहा-अकरा पावलं. म्हणजे मला लागणारं साधन जन्मापासून माझ्याजवळ होतं, दोन नग. ज्याचे दहा फटके निदान एकाच दिशेला जातात त्याने यंत्र खुशाल घ्यावं, त्याला त्यातून बोध होईल. माझ्यासारख्याने त्याच पैशात एखाद्या शिकवणाऱ्याचे पाय धरावेत.

हे सगळं मी हिला वही दाखवून समजावलं. ती मटकीला फोडणी देत होती. ऐकून घेतलं, गॅस बारीक केला.

"म्हणजे यंत्रात काही खोट नाही."

"अजिबात नाही."

"माल रिजेक्ट आहे."

हा शब्द तिने माझ्याकडूनच उचललेला.

पुतण्या कोकणातून आला, डबी परत गेली. 'नको' म्हणताना जीव थोडा अडकला हे कबूल करतो, आणि ती वस्तू अजून माझ्या मोबाइलवर खरेदीच्या टोपलीत आहे, तिची किंमत मी रोज सकाळी पेपरच्या आधी बघतो, पण यातलं घरात काही माहीत नाही.

परवा पुन्हा रेंजवर गेलो. मामांनी मागे, चेंडूपासून दोन मीटरवर नजर टाकली. तिथे टेपची खूण तेवढी होती.

"यंत्र कुठंय?"

"परत दिलं."

"बरं केलंत. नीट दिसत नव्हतं त्याला."

मी वही उघडली, सवयच ती. नवं पान घेतलं, रकाने आखले आणि भरले. साधन: मामा. शेवटचं कॅलिब्रेशन: माहीत नाही. लीस्ट काउंट: सव्वाशे.

"सव्वाशे, साहेब," मागून आवाज आला.

मी अजून चेंडू ठेवत होतो.