बसायचे दिवस

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की आमच्या सास्तुरात माणसं बसायला लागतात. बसतात एरवीही, पण एरवी त्याला काहीतरी निमित्त लागतं. एसटी यायचीय, तलाठी यायचाय, नाहीतर पाऊस यायचाय. कार्तिक सरत आला की निमित्ताची कटकट मिटते. सकाळी ज्या भिंतीवर पहिलं ऊन पडतं, त्या भिंतीला पाठ लावून चार माणसं ओळीनं बसलेली दिसतात. ऊन सरकलं की तीही सरकतात आणि दहाच्या सुमाराला गल्लीच्या दुसऱ्या तोंडाला पोचतात. "काय चाललंय तात्या?" असं विचारलं तर तात्या म्हणतात, "काय न्हाई, थंडी हाय." या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारायची आमच्याकडं पद्धत नाही.

आता थंडी म्हणजे किती? पारा रात्री १०-१२ अंशांवर येतो, एखाद्या वर्षी आणखी थोडा खाली सरकतो. नॉर्वेत ट्रॉम्सो नावाचं एक गाव आहे. तिथं नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. तिथल्या माणसाला आमची थंडी दाखवली तर तो बनियनवर फिरेल. पण तो मे महिन्यात ४२ अंशांत तुरीच्या धसकटांतून चाललेला नसतो. आम्ही चाललेलो असतो. बेचाळीसवरून बारावर आलेल्या माणसाला कुडकुडायचा पूर्ण हक्क आहे, असं माझं मत आहे.

हा हक्क बजावायची रीत मात्र न्यारी. डोक्याला कानटोपी, तीवर मफलर, मफलरवर उपरणं. अंगात शर्ट, त्यावर पोराचा जुना स्वेटर, त्यावर लग्नातला कोट. आणि पायात? काही नाही. फार तर स्लिपर. सगळी थंडी कानातून शिरते आणि पायांचा तिच्याशी काही संबंध नाही, यावर गावाचं एकमत आहे. मोजे घालून पारावर आलेल्या माणसाला तब्येत विचारली जाते.

उशिरा उठणाऱ्यांसाठी या दिवसांत एक चांगली सोय आहे. संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो हे लहान पोरंही सांगतात. खरं तर सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरलाच होऊन गेलेला असतो. वाढ होते, पण आधी ती संध्याकाळच्या बाजूनं. आमच्या अक्षांशावर सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी उशिराच होत जातो. म्हणजे संक्रांतीच्या आठवड्यात अंथरुणात लोळत पडलेल्या पोराच्या बाजूनं साक्षात खगोलशास्त्र उभं असतं. हे पोरांना कळू नये म्हणून मी जपतो.

अंथरुणाचा विषय निघालाच आहे तर वाकळीबद्दल बोललं पाहिजे. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्यानं शिवलेली आमची वाकळ पांघरली की माणूस ज्या कुशीवर असेल त्या कुशीवर सकाळपर्यंत राहतो. कूस बदलायची तर शेजारच्याला हाक मारावी लागते. अलीकडं मोटारसायकलवर ढीग लादून परप्रांतातली पोरं मऊ केसाळ ब्लँकेटं विकायला येतात. हलकी, ऊबदार, वर वाघाचं नाहीतर गुलाबाचं चित्र. कोरड्या थंडीत अंधारात ते ब्लँकेट झटकलं की चटचट आवाज होतो आणि बारीक ठिणग्या दिसतात. आमच्या आजीनं पहिल्याच रात्री ते पाहिलं आणि वाघ घडी करून कपाटात ठेवला. पाहुणे आले की त्यांना देतात.

शेकोटी मात्र या सगळ्यावर कडी. तिला आमंत्रण नसतं, वेळ नसते, अध्यक्ष नसतो. एक जण गोवरीचा तुकडा आणि मूठभर पाचट घेऊन बसतो, काडी ओढतो, आणि अंधारातून माणसं उगवायला लागतात. येणाऱ्यानं काहीतरी आणायचं हा अलिखित कायदा. कुणी तुराट्या आणतो, कुणी बाभळीचा ओंडका. कुणी येताना शेजाऱ्याच्या कुडाची एक काठी उपसून आणतो, आणि तो शेजारी तिच्यावरच हात शेकत "लई चांगलं जळतंय" म्हणतो. हल्ली एखादा दिवटा सायकलचा टायर टाकतो. तुराटीचा जाळ सरळ आणि झटपट, गोवरीचा मंद आणि रात्रभराचा. टायरचा जाळ फक्त दुसऱ्या दिवशीच्या खोकल्याचा.

शेकोटीभोवती कुठंही बसा, धूर एकाच माणसाकडं जातो. तो उठून समोर गेला की धूरही उठून समोर जातो. मग त्याच्याकडं बघून सगळे ठेवणीतलं हसतात. पुढून अंग भाजतं, मागून पाठ गारठते, म्हणून मधूनमधून सगळे उभे राहून आगीकडं पाठ करतात आणि गप्पा तशाच काळोखाकडं तोंड करून चालू राहतात. विषय ठरलेले. माकणीच्या धरणात पाणी किती टक्के, कालव्याला पाणी कधी सुटणार, उसाचं बिल कुणाचं निघालं. निम्न तेरणा प्रकल्पाचं हे धरण आमच्या शेजारचंच, त्यामुळं त्यातल्या पाण्याची टक्केवारी इथं प्रत्येकाला आपल्या रक्तदाबापेक्षा जास्त नेमकी ठाऊक असते. साडेनऊला कुणीतरी "चला, लाईट आली आसंल" म्हणून उठतो. मोटारीची लाईट आठवड्याच्या पाळीनं कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की त्या बिचाऱ्याला ऐन गारठ्यात गव्हाचं दारं धरायला जावं लागतं. बर्फासारख्या पाण्यात उभं राहणाऱ्या माणसाला हिवाळ्यातल्या छोट्या सुखांबद्दल विचारू नये. तो जे सांगेल ते छापता येणार नाही.

पौष लागला की हुरडा. यातलं खरं कसब कणीस वेळेवर ओळखण्यात आहे. दाणा दुधाळ असेल तर भाजताना नुसता चिकट लगदा होतो, जरा जास्त भरला तर दात दुखतात. मधल्या चार-सहा दिवसांतच तो खावा. सुरती आणि गूळभेंडी हे हुरड्याचे खास वाण. आमच्याकडं बांधाच्या कडेला चार ओळी त्यांच्या टाकतात आणि बाकी रान मालदांडीचं. शेतात वीतभर खोल खड्डा खणून त्यात गोवऱ्या पेटवायच्या, ही आगटी. जाळ बसून निखारा झाला की कणसं त्यात खुपसायची. भाजलेलं कणीस हातात घ्यायचं आणि चोळायचं, हे सांगायला सोपं. प्रत्यक्षात तळहात भाजतो, कूस उडून डोळ्यांत जाते आणि दाण्याबरोबर निम्मी राख पडते. म्हातारी माणसं मात्र निखाऱ्यातून काढलेलं कणीस तसंच्या तसं दोन्ही तळव्यांत धरतात, तीनदा फिरवतात, एक फुंकर मारतात, आणि हिरव्या पाचूसारखे दाणे तुमच्या पुढ्यात. सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. शहरांच्या आसपास आता याचं ताट विकत मिळतं, बैलगाडीची चक्कर आणि पतंग मिळून. मिळेना का. पण तिथं हुरडा वाटीत घालून आणतात. हात काळे न करता हुरडा खाल्लेला माणूस आणि पुरी-भाजी खाल्लेला माणूस यांत मला फारसा फरक वाटत नाही.

आणि येळवस. मार्गशीर्षाची अमावस्या. लातूर-धाराशिवच्या आणि पलीकडं बिदर-कलबुर्गीच्या माणसाला हिच्याबद्दल काही सांगावं लागत नाही, पुण्याच्या माणसाला काहीच समजावता येत नाही. "अमावस्येला सण?" असं तो विचारतो. लातुरात तर जिल्हाधिकारी या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतात आणि भरदिवसा शहरातले रस्ते संचारबंदी लागल्यागत ओस पडतात. सगळी माणसं रानात. रान नसलेली माणसं रान असलेल्यांच्या रानात. ट्रॅक्टर, टमटम, मोटारसायकलवर पाच-पाच जण, आणि कुणाच्या तरी मांडीवर शालीत गुंडाळलेलं आंबिलाचं मडकं. त्या मडक्याला जितकं जपतात तितकं लेकराला जपत नाहीत.

कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा करायची, आंबील शेताच्या चहूबाजूंनी शिंपडायची आणि मग जेवायला बसायचं. मुख्य गोष्ट भज्जी. तूर, वाल, हरभरा यांचे ओले दाणे, मेथी, चुका, वांगी, गाजर, बोरंसुद्धा, जे रानात हिरवं आहे ते सगळं एका पातेल्यात. वर बेसन लावून रटरटा शिजवायचं. जोडीला बाजरीचे उंडे, भाकरी, गव्हाची खीर, आणि ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेली, लसणाचा वास मारणारी थंडगार आंबील. वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बसवतात. इथंच घोटाळा होतो. चौघांची बोलावणी घेतलेला पाहुणा चार रानांत चार वेळा जेवतो. प्रत्येक ठिकाणी वहिनी विचारतात, "आमची भज्जी कशी झालीय?" आणि प्रत्येक ठिकाणी त्याला "सगळ्यात चांगली" म्हणावं लागतं. चौथ्या रानात तो बोलण्याच्या स्थितीत नसतो. वर दोन पेले आंबील पोटात गेलेली. मग चिंचेखाली जी माणसं आडवी होतात, ती ऊन कलेपर्यंत उठत नाहीत. मी येळवशीच्या दिवशी दुपारी तीन वाजता एखाद्या पुढाऱ्याला शिवारात भाषण करताना अजून पाहिलेलं नाही, आणि हा सणाचा मोठाच गुण आहे.

आमच्याकडं एक हिवाळा मात्र खरोखर लांबला होता. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून गाव झोपलं होतं. मातीत रचलेल्या दगडांच्या हात-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, हीच आमची घरं. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. त्या पहाटे तीच अंगावर आली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून हजारो माणसं गेली. उरलेल्यांचा तो हिवाळा पत्र्याच्या शेडमध्ये गेला. त्यातही त्या वर्षी भाद्रपद अधिक होता, त्यामुळं सगळं पंचांगच पुढं ढकललं गेलं आणि येळवस उजाडायला १९९४ चा जानेवारी लागला. घरातली माणसं सांगतात, पत्रा रात्री असा गार पडायचा की आतल्या बाजूनं दव धरायचं आणि पहाटे तोंडावर थेंब टपकायचे. ज्यांच्या घरातलं कुणी गेलं होतं त्यांना सण नव्हता, आणि तशी घरं पुष्कळ होती. पण शेकोट्या मात्र त्या वर्षीइतक्या मोठ्या पुन्हा झाल्या नाहीत म्हणतात. जळणाची ददात नव्हती. पडक्या घरांचे सर, तुळया, दारं, जे वापरता येण्यासारखं नव्हतं ते तिथं आलं. एक आजोबा आपल्याच माजघराच्या चौकटीवर हात शेकत म्हणाले होते, "सागवान हाय, जरा बेतानं घाला." आणि त्या महिन्यांत पहिल्यांदा चार माणसं हसली. हे घरात इतक्या वेळा सांगितलं जातं की आता मला ते स्वतः ऐकल्यासारखं वाटतं.

नवं गाव मोकळ्या जागेवर बसलं. रस्ते रुंद, आखीव; घरं जमिनीच्या हिशोबानं लहान-मोठी, पक्क्या भिंतींची. सुरक्षित आहेत, याबद्दल तक्रार नाही. पण भिंत पातळ आणि रस्ता रुंद, त्यामुळं थंडीला गावभर फिरायला मुभा मिळाली. जुन्या गावात बोळ इतके अरुंद होते की वाऱ्यालाही समोरून कुणी आलं तर थांबावं लागे. म्हाताऱ्यांचं म्हणणं, थंडी भूकंपानंतर वाढली. हवामान खात्याला हे मान्य होणार नाही. मला आहे. अर्थात त्याच रुंद रस्त्यांमुळं सकाळचं ऊन आता कुणाच्या माडीआड अडकत नाही आणि भिंतीला टेकून बसणाऱ्यांना सरकायला अंतर भरपूर मिळतं.

माघात हरभरा घाट्यांनी लगडला की हुळा भाजायचा, करडईच्या काट्यांतून फुलं डोकवायला लागली की मफलर एक वेढा कमी करायचा. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघाली की कानटोप्या ट्रंकेत. आणि तेव्हाच रानात शाळू पिवळा पडून काढणीला येतो. हे काम कंबर मोडणारं. वाकून ताटं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. मजूर मिळत नाहीत, म्हणूनच कितीतरी जणांनी ज्वारी सोडून हरभरा आणि ऊस धरला. आम्ही अजून दोन एकर करतो, मुख्यतः हुरड्याच्या हट्टापायी. हुरड्याला आमच्या आगटीभोवती बसायला जागा नसते. उठताना प्रत्येक जण राखेचे हात झटकत म्हणतो, "काढणीला बोलवा बरं का, हक्कानं." यंदा मी यादी काढून एकेकाला हक्कानं फोन केले. दोघांचा फोन बंद होता, एकाच्या सासुरवाडीत लग्न निघालं होतं, एकाच्या कंबरेत उसण भरली होती. आणि तात्यांनी फोन उचलून मी काही बोलायच्या आधीच सांगितलं, "ऊन लई तापाय लागलंय रे, भाईर पडू नगो."