खाली बसा, व्यायामाचे फायदे सांगतो

चि. आठवी-नववीतल्या माहीमकर मुलामुलींना,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुम्ही जागचे हलत नाही अशी आम्हा पालकांची तक्रार आहे. पालकसभेत तिच्यावर दीड तास चर्चा झाली. खुर्च्या चांगल्या होत्या. शेवटी तुम्हाला व्यायामाचे महत्त्व पटवून द्यायचे ठरले आणि येत्या शनिवारी एका तज्ज्ञांचे व्याख्यान ठेवले. ते पीटीच्या तासाला होईल. एरवी त्या तासाला गणिताच्या बाई पोर्शन पुरा करतात. एक दिवस त्या समजून घेतील. 'नियमित व्यायामाचे फायदे लिहा' याचे मुद्देसूद उत्तर लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी मिळतात, मग दोन जिने चढून त्याला धाप का लागेना.

आता फायदे. नियमित व्यायाम केलात तर पन्नाशीत तुमचे हृदय ठणठणीत राहील आणि साखर आटोक्यात राहील. तुम्ही तेरा-चौदा वर्षांचे आहात हे ठाऊक आहे. पण पन्नाशी आमची जवळ आली आहे, त्यामुळे आम्हाला हेच आधी आठवते. तुमच्या कामाचेही काही आहे म्हणतात. झोप गाढ लागते, चिडचिड कमी होते. आणि हाडे! उंची भराभर वाढते त्या दोनेक वर्षांत मोठ्या माणसाच्या हाडांतल्या खनिजांचा साधारण पाव हिस्सा साठतो. धावण्याने, उड्या मारण्याने तो अधिक चांगला साठतो. विशी उलटली की ही बँक नव्या ठेवी फारशा घेत नाही. नेमक्या त्याच वर्षांत आम्ही तुम्हाला क्लासात बसवतो, कारण दहावी जवळ आलेली असते. बोर्ड हाडांची परीक्षा घेत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी दमवणारी हालचाल करावी. तिच्याच संशोधकांनी २०१९ साली जाहीर केलेल्या पाहणीत जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले यात नापास झाली. भारत त्या मानाने जरा बरा निघाला. संशोधकांचा तर्क असा, की आपल्याकडे मुलगे क्रिकेट खेळतात आणि मुली घरकाम करतात. तेव्हा मुलींनो, केर काढताना कुरकुर नको; देशाची आकडेवारी तुमच्या झाडूने सावरून धरली आहे.

कुणी म्हणेल, शिवाजी पार्क हाकेच्या अंतरावर आहे की! आहेच. तिथे १९२५ साली स्थापन झालेले श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. मल्लखांबासाठी २०२४ साली पद्मश्री जाहीर झालेले उदय देशपांडे तिथलेच, आणि पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धाही २०१९ मध्ये पार्कातच झाली. आम्ही तुम्हाला एकदा तिथे नेलेही होते. एरंडेल चोळून गुळगुळीत झालेला खांब, त्याला मांड्यांची पकड घालून उलटी लटकलेली एक दहा वर्षांची पोर, आणि खालून मैत्रिणींचा ओरडा, "पाय ताण, पाय ताण!" ती घसरली, गादीवर आपटली, तेलकट हात चड्डीला पुसून पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. तिला फायदे कुणी समजावलेले दिसत नव्हते. तुमच्यातल्या एकाने हळूच विचारले, "मी येऊ का इथे?" आम्ही चौकशी केली, की दहावीला याचे वाढीव गुण किती? नुसते शिकायला येणाऱ्याला काही मिळत नाहीत असे कळले आणि विषय मिटला.

शिवाय तिथे जायचे कसे? रिक्षा माहीमच्या खाडीपलीकडेच थांबते. तुमच्या पायांवर सरकारने केलेली एवढी एक कृपा आम्ही ॲपवरून टॅक्सी मागवून साभार परत करतो. शीतलादेवीच्या देवळापासून पार्क फार लांब नाही, पण चालले की घाम येतो, आणि घामेजलेले मूल क्लासच्या एसीत बसले की शिंकत घरी येते.

राहिले सोसायटीचे आवार. तिथे गाड्या उभ्या असतात आणि त्यांच्या काचा नाजूक आहेत, म्हणून 'खेळण्यास सक्त मनाई' अशी पाटी लावली आहे. पुनर्विकासात जिमही मिळाली, पण सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. तिथे आम्ही जातो. जानेवारीत.

तरी शनिवारी वेळेवर या. व्याख्यानानंतर 'मैदान माझा मित्र' या विषयावर निबंध स्पर्धा आहे. पहिले बक्षीस टॅब.

कळावे, लोभ असावा.

तुमचाच,
समस्त पालकवर्ग

ता. क. आवारात जप्त केलेला चेंडू ज्याचा असेल त्याने पालकांना घेऊन सेक्रेटरींना भेटावे. बरोबरच्या बाकीच्यांची नावेही कळवावीत. वॉचमन त्यांच्या मागे गेटपर्यंत धावला, पण ते इतक्या जोरात पळाले की एकाचाही चेहरा दिसला नाही.